हवा, वय आणि ऊन : वऱ्हाडातल्या टायरची निगा

टायर बदलायचे की नाही, हे आपल्याकडे बहुतेक जण एकच गोष्ट पाहून ठरवतात : टायर गोटा झाले का? नक्षी थोडीफार शिल्लक दिसली की ‘अजून एक हंगाम निघते’ म्हणून गाडी दामटली जाते. अकोला-अमरावतीत हा हिशेब धोक्याचा आहे. एप्रिल-मेमध्ये इथे पारा 44-45 अंशांच्या घरात जातो आणि रस्त्याचे डांबर त्याहून कितीतरी जास्त तापते. अंगणात, शाळेच्या आवारात, बाजार समितीच्या मोकळ्या जागेत गाड्या दिवस-दिवस उन्हात उभ्या असतात. अशा ठिकाणी नक्षी झिजण्याआधीच रबर कडक पडते, टायरच्या बाजूला बारीक भेगा जातात, आणि वरून धडधाकट दिसणारे टायर एका दुपारी दगा देते. म्हणून वऱ्हाडात टायर तपासण्याचा क्रम उलटा ठेवावा. आधी हवा, मग वय, आणि शेवटी नक्षी.

उन्हाळ्यात हवा कमी करू नका

‘उन्हाळा आहे, हवा दोन पाउंड कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे आणि त्यातून अपघात होतात.

टायर फुटण्याचे मोठे कारण म्हणजे कमी हवा. हवा कमी असली की टायर जमिनीला टेकते तिथे बाजूने जास्त दबते आणि वर गेले की पुन्हा सरळ होते. तार हातात धरून सारखी वाकवली की जशी गरम होते, तसेच टायरच्या आतले धागे आणि रबर या वाकण्याने तापतात. लहान कारच्या चाकाचा घेर साधारण 1.8 मीटर असतो. ताशी 120 किलोमीटर वेगाने ते चाक एका सेकंदात अठरा फेरे घेते, म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला अठरा वेळा दबतो. हवा कमी, वजन जास्त, वेग जास्त आणि वरून मे महिन्याचे ऊन असे चौघे एकत्र आले की धागे सुटू लागतात.

उन्हाने हवेचा दाब वाढतो, हे खरे. तापमान 20 अंशांनी वाढले तर कारच्या टायरमध्ये साधारण 3 पाउंड वाढतात. गाडी चालून टायर तापले की आणखी काही वाढतात. पण टायर बनवणारे ही वाढ धरूनच चालतात. गाडीवर लिहिलेला आकडा थंड टायरसाठीचा असतो. तेव्हा सकाळी ऊन चढण्याआधी, गाडी फारशी चाललेली नसताना हवा तपासावी आणि त्या आकड्याइतकीच ठेवावी. दुपारी लांबून आल्यावर मीटरने चार पाउंड जास्त दाखवले, तरी ती हवा सोडू नये. सोडली तर रात्री टायर थंड झाल्यावर हवा कमी पडेल.

आकडा कुठे मिळतो? कारमध्ये चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर, दुचाकीत चेनच्या कव्हरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच मोटारसायकलींना पुढे 25 च्या आसपास, आणि मागे एकट्यासाठी 28, तर दोघांसाठी 33 च्या आसपास हवा लागते. लहान कारना 30 ते 33. पंपावर सगळ्या चाकांत ‘पस्तीस मार’ सांगणे सोडून द्यावे. टायरच्या बाजूवर छापलेला ‘मॅक्स’ दाब ही सहन करण्याची कमाल मर्यादा आहे. मोटारगाडीत तेवढी हवा भरायची नसते.

नायट्रोजनबद्दल नेहमी विचारले जाते. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि जरा सावकाश गळतो, एवढाच त्याचा फायदा. मिळाला तर भरावा, पण तो भरला म्हणून महिन्याची तपासणी चुकवू नये.

लांब आणि गुळगुळीत रस्त्यांची नवी परीक्षा

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग 53 वर लोणी ते माना या टप्प्यात सलग 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी 11 डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. धामणगाव, नांदगाव खंडेश्वर या बाजूची माणसे आज त्या रस्त्याने सहज जातात. रस्ते सुधारले, पण गावात 40 च्या वेगाने फिरलेले तेच सहा वर्षांचे टायर आता तासन्‌तास शंभरच्या पुढे पळते. खड्ड्याच्या रस्त्यावर वेगच मिळत नसे, त्यामुळे जुन्या टायरचा दोष झाकलेला राहत असे. सरळ सिमेंट रस्त्यावर तो उघडा पडतो.

समृद्धीवर जायचे असेल तर आदल्या दिवशी पाचही टायर पाहा. पाचवे म्हणजे स्टेपनी, जिच्यात वर्षभर कोणी हवा भरलेली नसते. गाडीत पाच माणसे आणि डिकी भरून सामान असेल, तर स्टिकरवर ‘पूर्ण भार’ असा वेगळा आकडा असतो; तेवढी हवा भरा. दर दोन तासांनी थांबा आणि टायरच्या बाजूला तळहात लावा. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापले असेल, तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक अडकला आहे.

धावत्या गाडीचे टायर फुटलेच, तर ब्रेक दाबू नका. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढा, वेग पुरता उतरल्यावरच गाडी डावीकडे घ्या. दुचाकीचे पुढचे टायर बसले तर मागचा ब्रेक हलका वापरा, मागचे बसले तर पुढचा.

टायरचे वय वाचायला शिका

टायरच्या बाजूला ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार अंक असतात. 1423 असेल, तर ते टायर 2023 च्या चौदाव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला तयार झाले. हे अंक कधी कधी टायरच्या आतल्या बाजूला राहतात. बॅटरी घेऊन गाडीखाली पाहावे लागते.

टायर पाच वर्षांचे झाले की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे, आणि दहा वर्षांपुढे नक्षी कितीही चांगली असली तरी वापरू नये, असे टायर बनवणाऱ्या अनेक कंपन्या सांगतात. आपल्या उन्हात मी तेवढी वाट पाहू नका असेच सांगेन. गाडी रोज उघड्यावर उभी राहत असेल, तर सहाव्या वर्षी टायर बदलण्याची तयारी ठेवा. कमी चालणाऱ्या गाडीला ही अट जास्तच लागू आहे, कारण चालताना रबरातले संरक्षक द्रव्य पृष्ठभागावर येत राहते. उभ्या गाडीत ते येत नाही आणि भेगा लवकर जातात.

नखाने चाचपून पाहा. बाजूच्या भेगेत नख अडकत असेल, तर टायर निवृत्त करा. बाजूला फुगवटा आला असेल, तर आतले धागे तुटलेले आहेत. त्यावर कोणताही उपाय नाही. त्याच दिवशी टायर काढा.

नक्षी आणि झिजेची भाषा

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 94 नुसार दुचाकी आणि तीनचाकीच्या टायरची नक्षी किमान 0.8 मिलिमीटर, तर इतर वाहनांची 1.6 मिलिमीटर खोल हवी. हे मोजायला पट्टी लागत नाही. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे असतात. त्यांच्या रेषेत नक्षीच्या खाचेत आडवा उंचवटा दिसतो. नक्षी त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर संपले. पावसात मात्र त्याच्याही आधी पकड सुटू लागते, म्हणून मृगाआधी खाचा चांगल्या खोल असलेल्या बऱ्या.

झीज कशी झाली आहे, हे पाहिले की रोग कळतो. मधोमध जास्त झीज म्हणजे हवा जास्त राहिली. दोन्ही कडा झिजल्या म्हणजे हवा कमी राहिली. एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडली आहे. ठिकठिकाणी खळगे पडले असतील, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग पाहा. कारण दूर न करता नवे टायर बसवले, तर तेही तसेच झिजेल.

सायकल : पंक्चर कशामुळे झाले ते आधी शोधा

मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर मेळघाटापर्यंतच्या कितीतरी मुली शाळेत जातात. कामगार, दूधवाले, पेपर टाकणारी पोरेही सायकलवरच असतात. सायकलचे टायर स्वस्त म्हणून दुर्लक्षिले जाते, पण सायकल बसली की मुलीची शाळा बुडते.

पंक्चर झाल्यावर चाक लगेच उघडू नका. आधी व्हॉल्व्हच्या तोंडाला ओले बोट लावा. बुडबुडा आला, तर दोष ट्यूबचा नाही. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर बारीक रबरी नळी असते. ती उन्हाळ्यात पिचते. ती किरकोळ किमतीची नळी बदलली की काम झाले.

बुडबुडा नसेल, तर टायरची एकच कड लिव्हरने काढा. स्क्रू-ड्रायव्हर वापरला की ट्यूबला नवे भोक पडलेच म्हणून समजा. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात फिरवा, बुडबुडे आले तिथे खूण करा. आता ट्यूब टायरशेजारी व्हॉल्व्ह जुळवून धरा आणि खुणेच्या समोरची जागा पाहा. भोक बाहेरच्या बाजूला असेल, तर टायरमध्ये काटा अजून रुतलेला आहे. आतून फडके फिरवा, ते अडकेल तिथे काटा. बोट थेट फिरवू नका. भोक रिमच्या बाजूला असेल, तर स्पोकचे टोक वर आले आहे किंवा रिमवरची पट्टी सरकली आहे. शेजारी-शेजारी दोन भोके असतील, तर हवा कमी असताना चाक खड्ड्यात किंवा दगडावर आपटून ट्यूब चेमटली आहे. कारण न काढता पॅच लावला, तर संध्याकाळपर्यंत पुन्हा पंक्चर होते आणि बिचाऱ्या पंक्चरवाल्याला बोल लागतो.

पॅच लावताना घाई नडते. ट्यूब कोरडी करून कानशीने घासा, चमक जाईपर्यंत. सोल्युशनचा पातळ थर पॅचपेक्षा जरा मोठ्या जागेवर लावा आणि तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, साधारण पाच मिनिटे. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच उन्हात सुटतो. मग पॅच मधून कडेकडे दाबत न्या, वर थोडी टाल्कम पावडर टाका. बसवताना ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा ठेवा, टायरची कड हातानेच चढवा आणि पूर्ण हवा भरण्याआधी ट्यूब कुठे चेमटली नाही ना, हे दोन्ही बाजूंनी पाहा.

आपल्याकडचा खरा शत्रू सराटा, म्हणजे गोखरू. पावसाळा सरला की शेताच्या बांधावर आणि रस्त्याच्या कडेला तो पसरतो. दिवाळीनंतर सायकल रस्त्याची कड सोडून चालवा आणि बांधावरून ती हाताने न्या. बाभळीचा काटा मोडून आत राहतो, म्हणून घरी आल्यावर चाक फिरवून एक नजर टाकायची सवय मुलांना लावा.

टायर घेताना फक्त ‘सव्वीस इंची’ म्हणू नका. 26×1⅜ आणि 26×1.95 ही दोन्ही सव्वीस इंचीच, पण एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. टायरवर दुसरा आकडाही असतो : पहिल्याचा 37-590, दुसऱ्याचा 50-559. जुन्या मोठ्या काळ्या सायकलच्या 28×1½ टायरवर 40-635 असतो. शेवटचे तीन अंक जुळायलाच हवेत.

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. सुट्टीचे दोन महिने सायकल हवा नसताना उन्हात पडून राहिली, तर टायर घडीवरच तडकते. सुट्टी लागली की सायकल सावलीत उलटी उभी करा आणि पंधरा दिवसांनी हवा भरा.

ट्यूबलेस टायर

ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला, तर तो रस्त्यात उपटू नका. खिळाच भोक बुजवून धरतो. हवा पाहून सावकाश दुकानापर्यंत जा. बाहेरून घातलेली स्ट्रिप ही तात्पुरती सोय आहे. लांबच्या आणि वेगाच्या प्रवासासाठी टायर उतरवून आतून मशरूम पॅच बसवून घ्या. दुरुस्ती फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागावर होते. बाजूला गेलेल्या भोकावर पॅच लावून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. आतून पंक्चररोधक द्रव भरला असेल, तर तसे कारागिराला आधीच सांगा.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली

शेतातल्या टायरचे वैरी वेगळे. पऱ्हाटी आणि तूर कापल्यावर उरलेली धसकटे तिरप्या धारेची आणि वाळून टणक झालेली असतात. ट्रॅक्टरच्या पुढच्या अरुंद टायरमध्ये ती सरळ घुसतात. तासाच्या मधून चालवावे आणि जमल्यास आधी धसकटे रोटाव्हेटरने काढावीत.

मागच्या मोठ्या टायरमध्ये शेतात कमी हवा लागते आणि मालवाहतुकीला जास्त. आकडे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत वेगवेगळे दिलेले असतात. पकड मिळावी म्हणून टायरमध्ये साधारण पाऊण भाग पाणी भरतात. हंगाम संपून रस्त्यावरचे काम सुरू झाले की ते काढून टाका. मागचे टायर बसवताना मागून पाहिल्यास नक्षीचे टोक वरच्या बाजूला आहे की नाही, हे बाजूवरच्या बाणावरून ताडून पाहा. डिझेल आणि ऑइल सांडलेल्या जागी ट्रॅक्टर उभा करू नका, त्याने रबर फुगते आणि मऊ पडते.

ट्रॉलीला मात्र बहुधा कुठल्यातरी ट्रकचे उतरवलेले टायर असते. कापूस भरून रात्री जिनिंगकडे निघालेली ट्रॉली महामार्गावर टायर फुटून आडवी झाली, की मागून येणाऱ्याचा जीव जातो. ट्रॉलीच्या टायरचे वयही डॉटच्या अंकांवरून पाहा, आणि मागे रेडियम पट्टी लावा.

नवे टायर घेताना

आकार गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्या. 90/90-12 सारख्या आकड्यानंतर भार आणि वेगाची खूण असते. ती मूळ टायरपेक्षा कमी नको. ‘एस’ म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंत, ‘टी’ म्हणजे 190, ‘एल’ म्हणजे 120. आयएसआय चिन्ह पाहा. डॉटचे अंक दुकानातच वाचा. सवलतीत मिळणारे टायर दोन-तीन वर्षे गोदामात पडलेले असू शकते. ट्यूबच्या टायरला नवी ट्यूबही घ्या, कारण जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते आणि आत तिची घडी पडते. बिलावर टायरचा अनुक्रमांक लिहून घ्या, तरच वॉरंटी कामाला येते.

कारला दोनच टायर बदलणार असाल, तर नवी जोडी मागे बसवा. ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली, तर गाडी सावरत नाही. टायर बसवल्यावर बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नव्या व्हॉल्व्हचा आग्रह धरा. पहिले काही दिवस वेग आवरता ठेवा, नव्या रबराची वरची चमक जाईपर्यंत पकड कमी असते. रिमोल्ड टायर जड वाहनाच्या मागच्या चाकांना, चांगल्या कारखान्यातून केलेले असेल तरच वापरा. पुढच्या चाकांना कधीही नको.

जुन्या टायरचे काय?

टिनावर वजन म्हणून ठेवलेले किंवा अंगणात टेकवलेले टायर पावसाळ्यात पाण्याने भरते आणि त्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो. ठेवायचेच असेल तर खाली तीन-चार भोके पाडा. होळीत किंवा शेकोटीत टायर जाळू नका. त्याचा काळा धूर घरातल्या लेकरांच्या छातीत जातो. जुने टायर दुकानदाराकडे किंवा भंगारवाल्याकडे द्या. टायर उत्पादकांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकणारे नियम केंद्र सरकारने 2022 मध्ये केले आहेत. पुनर्वापरापर्यंत माल पोहोचवणारी साखळी याच दुकानातून सुरू होते.

वर्षाच्या चार तपासण्या

हवा सायकलला आठवड्याला, दुचाकीला पंधरवड्याला आणि कारला महिन्याला पाहावी. पूर्ण तपासणीसाठी वऱ्हाडाचेच पंचांग वापरा. गुढीपाडव्याला उन्हाआधी वय आणि भेगा पाहा, म्हणजे 25 मेपासूनच्या नवतप्यात धाकधूक राहणार नाही. मृग लागताना नक्षी पाहा. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालण्याआधी चारही चाकांना हात फिरवा आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी फुगवटा आणला का ते पाहा. संक्रांतीला ट्रॅक्टर, ट्रॉली आणि स्टेपनीची पाळी. प्रत्येक वेळी तारीख आणि टायरचे डॉट अंक गाडीच्या कागदांसोबत एका कागदावर लिहून ठेवा. आज हा लेख वाचून झाल्यावर घरातल्या प्रत्येक गाडीचे ते चार अंक पाहा. सहा वर्षांपूर्वीचे निघाले, तर पुढच्या लांबच्या प्रवासाआधी टायर बदला.